लिलावाआधी कबड्डी संघाची गरज कशी ओळखतात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. तोवरच्या लिलावांतील ती सर्वात मोठी बोली होती. त्याखालोखालची बोली पुणेरी पलटणची होती. इराणचा बचावपटू मोहम्मदरझा शादलू याच्यासाठी पुण्याने २ कोटी ३५ लाख मोजले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये अंतिम सामना झाला. त्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती ठरली. तेलुगू टायटन्स मात्र २२ पैकी फक्त दोन सामने जिंकून बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिले.

पवन अपयशी ठरला होता का? नाही. त्याने त्या हंगामात चढाईत दोनशेच्या घरात गुण मिळवले. खेळाडू चालला, संघ चालला नाही. दोन हंगामांमधल्या काळात संघाची खरी गरज ओळखणे हे बोली लावण्याइतकेच महत्त्वाचे का असते, ते या एका लिलावातून कळते. ही गरज कशी ओळखतात आणि त्यावरून खरेदीचा क्रम कसा ठरतो, याविषयी.

ड्राफ्ट आणि लिलाव यांत फरक काय?

खेळाडू वाटून घेण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. अमेरिकेतील फुटबॉलच्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये १९३६ पासून ड्राफ्ट होतो. त्यात महाविद्यालयीन खेळाडू एकेक करून निवडले जातात आणि आधीच्या हंगामात सर्वात वाईट कामगिरी केलेल्या संघाला पहिली निवड मिळते. आज ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात. तिथला जुना वाद असा, की आपली पाळी आल्यावर उपलब्ध खेळाडूंतला सर्वोत्तम घ्यायचा की आपल्याला ज्या जागेची गरज आहे तो घ्यायचा?

भारतातही ड्राफ्ट झाले आहेत. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामाआधी, जुलै २०१४ मध्ये मुंबईत झालेल्या ड्राफ्टमध्ये ८४ भारतीय फुटबॉलपटूंची निवड झाली. जुलै २०१७ मध्ये पुन्हा ड्राफ्ट झाला, तेव्हा नव्याने आलेल्या जमशेदपूर एफसीने पहिल्याच निवडीत बचावपटू अनस एडाथोडिकाला घेतले.

प्रो कबड्डीत मात्र लिलाव होतो. लिलावात हरलेल्या संघाला कोणतीही सवलत नसते. पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाच्या संघाची थैली सारखीच असते. त्यामुळे ‘सर्वोत्तम की गरजेचा’ या प्रश्नाला इथे तिसरा पदर जोडला जातो : किती रुपयांपर्यंत?

थैलीचा हिशेब

दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला खेळाडूंसाठी पाच कोटी रुपयांची मर्यादा आहे. त्याआधीच्या हंगामात ती ४ कोटी ४० लाख होती. या रकमेत किमान १८ आणि कमाल २५ खेळाडूंचा संघ उभा करायचा असतो. संघाने लिलावाआधी राखलेल्या खेळाडूंचे मानधनही याच रकमेतून वजा होते.

खेळाडूंचे चार गट असतात. दहाव्या हंगामापासून ‘अ’ गटाची पायाभूत किंमत ३० लाख, ‘ब’ गटाची २० लाख, ‘क’ गटाची १३ लाख आणि ‘ड’ गटाची ९ लाख रुपये आहे. यावरून एक साधा हिशेब मांडता येतो. एका खेळाडूवर २ कोटी ६० लाख खर्च केले, तर उरतात २ कोटी ४० लाख. त्यात किमान १७ जण घ्यायचे, म्हणजे सरासरी १४ लाख रुपये प्रत्येकी. ही रक्कम ‘क’ गटाच्या पायाभूत किमतीच्या किंचित वर आहे. म्हणजे एका मोठ्या बोलीनंतर उरलेला संघ मुख्यतः तरुण, नवख्या किंवा कारकीर्दीच्या उतारावरील खेळाडूंचा असणार, हे बोली लावतानाच ठरून जाते. हे चुकीचेच असते असे नाही. पण ते तरुण खेळाडू आधीपासून हेरून ठेवलेले असावे लागतात.

संघाच्या हाती आणखी एक साधन असते : फायनल बिड मॅच कार्ड. मागच्या हंगामात आपल्याकडे असलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने लावलेली शेवटची बोली मान्य करून त्याला परत घेता येते. दहाव्या हंगामात बंगाल वॉरियर्सने मणिंदर सिंगला २ कोटी १२ लाखांना असेच परत मिळवले.

सातांची मांडणी आधी समजून घ्यावी लागते

मॅटवर सात खेळाडू असतात. सर्वसाधारण मांडणी तीन चढाईपटू आणि चार बचावपटू अशी असते. या चार बचावपटूंत डावा व उजवा कोपरारक्षक, म्हणजे कॉर्नर, आणि डावा व उजवा मध्यरक्षक, म्हणजे कव्हर. अष्टपैलू खेळाडू यातल्या कोणत्याही जागी बसू शकतो.

या जागा एकमेकींना पर्याय नसतात. कोपरारक्षक प्रामुख्याने घोटा किंवा मांडी पकडून चढाईपटूला अडकवतो. मध्यरक्षक त्याला धडकून बाहेर ढकलतो किंवा परतीची वाट अडवतो. कोपऱ्याने पाय धरला आणि मध्यरक्षक मदतीला आलाच नाही, तर चढाईपटू मध्यरेषा गाठतो आणि गुण घेऊन जातो. चढाईपटूंतही फरक असतो. कोणी बोनस काढण्यात वाकबगार असतो, कोणी हात-पाय लांबवून एकेक गडी टिपतो, कोणी ताकदीवर दोघातिघांना ओढून आणतो. प्रत्येकाची चढाईला शिरण्याची ठरलेली बाजू असते. दोन्ही मुख्य चढाईपटू एकाच बाजूचे असतील, तर प्रतिस्पर्ध्याला तयारी सोपी जाते.

म्हणून ‘आम्हाला चांगला बचावपटू हवा’ हे गरजेचे वर्णन अपुरे आहे. ‘आम्हाला डावा कोपरारक्षक हवा, कारण उजवा पक्का आहे’ हे वर्णन पुरेसे आहे.

मागचा हंगाम कसा वाचायचा?

गुणतालिका संघाचा क्रमांक सांगते, दुखणे सांगत नाही. त्यासाठी गुण कुठून आले आणि कुठे गेले, हे वेगवेगळे मोजावे लागते.

पहिली नोंद, चढाईतील गुणांची विभागणी. एकाच खेळाडूने संघाचे निम्म्याहून अधिक गुण आणले असतील, तर तो बाद होऊन बाहेर बसल्यावर काय होते ते पाहावे. दुसरा चढाईपटू त्याला पुन्हा मैदानात आणू शकला नाही, तर संघावर लोण चढते आणि प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात. अशा संघाची गरज दुसऱ्या चढाईपटूची असते, पहिल्याची नव्हे.

दुसरी नोंद, तिसऱ्या चढाईची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. ही चढाई कोण करतो आणि त्याला यश किती मिळते, हे वेगळे मोजतात. अनेक संघ या कामासाठी स्वतंत्र खेळाडू ठेवतात.

तिसरी नोंद, अव्वल पकडींची. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तर बचाव करणाऱ्या संघाला एक जादा गुण मिळतो. अशा पकडी आपण किती केल्या आणि आपल्या चढाईपटूंनी किती दिल्या, यावरून कमी गडी असताना संघ कसा खेळतो ते कळते.

चौथी नोंद, पराभवाच्या अंतराची. अकराव्या हंगामापर्यंत सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघाला गुणतालिकेत एक गुण मिळत असे. असे बरेच गुण जमवलेल्या संघाला मोठ्या उलथापालथीची गरज नसते. त्याचे सामने शेवटच्या पाच मिनिटांत निसटलेले असतात. तिथे अनुभवी कर्णधार किंवा ताजा राखीव खेळाडू पुरतो. मोठ्या फरकाने वारंवार हरणाऱ्या संघाला मात्र पायापासून बांधणी करावी लागते.

गरजेचे तीन प्रकार

या नोंदींतून तीन वेगवेगळ्या गरजा पुढे येतात. त्या वेगळ्या ओळखल्या नाहीत, तर पैसा चुकीच्या जागी जातो.

रिकामी जागा : त्या जागेवर लायक खेळाडूच नाही. इथे थेट खरेदी लागते.

तुटलेली जोडी : जागेवर खेळाडू आहे, पण त्याला साथ देणारा नाही. जुलमाने पुढे जाऊन पकड करणारा कोपरारक्षक बेभरवशाचा वाटतो, तेव्हा दोष अनेकदा शेजारच्या मध्यरक्षकाचा असतो. अकराव्या हंगामाआधी, ऑगस्ट २०२४ च्या लिलावात यू मुंबाने सुनील कुमारला १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतले. भारतीय बचावपटूसाठी ती तोवरची सर्वात मोठी बोली होती. त्याचा गुजरातच्या संघातील जुना जोडीदार परवेश भैंसवालही त्या हंगामात यू मुंबाकडे होता. म्हणजे दोन मध्यरक्षकांची जुळलेली जोडीच संघात आली. दहाव्या हंगामात दहावा असलेला हा संघ अकराव्या हंगामात बाद फेरीत पोहोचला. तिथे पाटणा पायरेट्सने त्याला ३१-२३ असे हरवले.

राखीव फळी : पहिले सात चांगले आहेत, पण एखादा जायबंदी झाला तर पर्याय नाही. याचे ठळक उदाहरण २०२२ चे आहे. नवव्या हंगामासाठी तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात तो जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला. संघ कोसळायला हवा होता. पण नरेंदर कंडोला या नवोदित चढाईपटूने त्या हंगामात २४३ गुण आणले आणि थलैवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. तिथे ते पुणेरी पलटणकडून ३९-३७ असे हरले. राखीव फळीवर केलेला थोडा खर्च कधी कधी मोठ्या बोलीचा विमा ठरतो.

प्राधान्यक्रम कसा ठरतो?

गरजांची यादी झाली, की क्रम लावताना तीन प्रश्न विचारले जातात.

एक, ही गरज भागली नाही तर किती सामने जातील? दोन, अशा प्रकारचे खेळाडू यंदाच्या लिलावात किती आहेत? लायक डावे कोपरारक्षक तीनच असतील आणि गरज असलेले संघ सहा असतील, तर किंमत चढणार. मध्यरक्षक मुबलक असतील तर थांबता येते. तीन, ही गरज पैशाशिवाय भागते का? युवा खेळाडूंच्या योजनेतून आलेला, दोन वर्षे आपल्याच शिबिरात घडलेला खेळाडू तयार असेल, तर त्या जागेसाठी बोली लावण्याचे कारण उरत नाही.

यानंतर प्रत्येक जागेसाठी तीन-चार नावे आणि प्रत्येक नावापुढे कमाल रक्कम लिहिली जाते. वरच्या गटांतील खेळाडू आधी पुकारले जातात, त्यामुळे सुरुवातीला हात सैल सोडला तर ‘क’ आणि ‘ड’ गटांत हवे असलेले तरुण निसटतात. लिहिलेली कमाल रक्कम ही लिलावाच्या खोलीतील चढाओढीपासून स्वतःला वाचवण्याची सोय असते.

सिद्धार्थ देसाईचे उदाहरण

खेळाडू सोडून देणे हाही गरज ओळखण्याचा भाग आहे. २०१८ मध्ये सहाव्या हंगामासाठी यू मुंबाने कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई या नवख्या चढाईपटूला ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्याच लिलावात यू मुंबाने इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याला एक कोटीला घेतले. लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारी ती पहिली बोली होती. सिद्धार्थने पहिल्याच हंगामात चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले.

पुढच्या वर्षी यू मुंबाने फझलला राखले, सिद्धार्थला नाही. एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना घेतले. ती त्या लिलावातील सर्वात मोठी बोली होती. मराठी चाहत्यांना हा निर्णय रुचला नव्हता. सिद्धार्थने टायटन्ससाठीही दोनशेहून अधिक गुण मिळवले, पण संघ अकरावा राहिला. यू मुंबाने फझलच्या नेतृत्वाखाली बचावावर भर दिला आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे बंगाल वॉरियर्सने त्यांना ३७-३५ असे निसटते हरवले. चौपट महाग झालेला खेळाडू चौपट गुण आणत नाही. त्या वाढीव किमतीत दुसऱ्या किती जागा भरता येतात, हा खरा प्रश्न असतो.

पुणेरी पलटणने काय केले?

पुण्याच्या २०२४ च्या विजेतेपदाकडे पाहताना शादलूच्या बोलीचीच चर्चा अधिक होते. पण त्या बोलीआधीचे काम जास्त बोलके आहे. अहमदनगरचा अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, पंकज मोहिते, मोहित गोयत, अभिनेश नदराजन, गौरव खत्री असे तरुण खेळाडू संघाने राखले होते. नवव्या हंगामात हा संघ अंतिम फेरीत जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ असा हरला होता. म्हणजे पाया तयार होता.

त्या हंगामात डावा कोपरा सांभाळणारा फझल अत्राचली दहाव्या हंगामासाठी १ कोटी ६० लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला. पुण्यापुढे एकच मोठी रिकामी जागा होती आणि शादलूही डावा कोपरारक्षकच. त्याच्यापुढे मोठी रक्कम लावता आली, कारण बाकीच्या जागांसाठी ती लागणार नव्हती. शादलूने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले. संघाने साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले आणि फक्त दोन गमावले. कर्णधार अस्लम हंगामातील सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला.

पुढच्या लिलावात शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला. हरियाणाने डिसेंबर २०२४ मध्ये पाटण्याला ३२-२३ असे हरवून विजेतेपद मिळवले. पुणे मात्र बाद फेरीबाहेर राहिले. अस्लमच्या दुखापतीचाही त्यात वाटा होता. मोठी बोली नेहमी बुडते, असे म्हणूनच म्हणता येत नाही. जोडीला भक्कम संघ असेल तर ती किताब मिळवून देते. संघ नसेल तर काय होते, ते बाराव्या हंगामात दिसले. २०२५ च्या लिलावातील दोन सर्वात महागडे खेळाडू होते शादलू आणि देवांक दलाल. शादलूला गुजरातने २ कोटी २३ लाखांना, देवांकला बंगालने २ कोटी २० लाख ५० हजारांना घेतले. दोन्ही संघ पहिल्या आठांतही आले नाहीत. त्याच हंगामात पुणेरी पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली.

मानपाड्यातील मंडळाला याचा उपयोग काय?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत एक मानपाडा आहे आणि डोंबिवलीत मानपाडा रस्ता. या पट्ट्यातील आणि एकूणच ठाणे जिल्ह्यातील कबड्डी लिलावावर नव्हे, मंडळांवर उभी आहे. कल्याणचा गिरीश इरनाक याच जिल्ह्यातून पुढे आला. डाव्या कोपऱ्यावर खेळणारा हा बचावपटू पुणेरी पलटणसह अनेक संघांकडून खेळला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघात होता.

मंडळाकडे पाच कोटी नसतात. पण त्यालाही दोन हंगामांच्या मधे हेच प्रश्न पडतात. कोणी नोकरीच्या संघात गेला, कोणाचा गुडघा दुखावला, कुमार गटातला कोणी वयात बसेनासा झाला. अशा वेळी चांगला चढाईपटू शोधायला धावण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहिता येतात.

पहिली, सातही जागांपुढे दोन-दोन नावे. ज्या जागेपुढे दुसरे नाव लिहिता येत नाही, ती पहिली गरज. दुसरी, मागच्या स्पर्धांची गुणपत्रके पाहून प्रत्येक पराभवापुढे एक कारण : लोण बसले, बोनस सुटले, तिसरी चढाई वाया गेली की शेवटी दमछाक झाली. जे कारण सर्वाधिक वेळा येते, ती सरावाची दिशा. तिसरी, आपल्याच कुमार गटातील कोणता मुलगा कोणत्या जागेवर वर्षभरात तयार होऊ शकतो. तसा मुलगा असेल, तर बाहेरून खेळाडू आणण्याऐवजी त्याला मुख्य संघाच्या सरावात सामील करून घेणे फायद्याचे. बाहेरचा गडी एक स्पर्धा जिंकून देईल, पण त्याच्यामुळे घरच्या मुलाची जागा अडली तर पुढच्या वर्षी वहीत तीच जागा पुन्हा रिकामी दिसेल.

कबड्डीत गुण एकाच्या नावावर लिहिला जातो, पण पकड अनेकदा एकाहून अधिक जणांची असते. लिलावाच्या खोलीत असो की मंडळाच्या ओट्यावर, संघाची गरज मोजताना नावाआधी जागा आणि जागेशेजारचा जोडीदार पाहावा लागतो.